आधी अंदाज, मग आकडा

बाळ,

सोमवारपासून तू इथेच पनवेलमध्ये सीएच्या ऑफिसात कामाला लागतेस. काल जेवताना म्हणालीस, "आजी, आता कागदावर काही करावं लागत नाही. सगळं गणित एका ओळीत टाकायचं आणि एंटर दाबायचं." खरंच आहे. गुगलच्या शोधपट्टीत आख्खी पदावली टाकली तरी उत्तर समोर येतं. मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. अशी सोय माझ्या मुलांना तेव्हा मिळायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. पण त्या ओळीत काय टाकायचं, हे माणसालाच ठरवावं लागतं. यंत्र तू लिहिलेलं वाचतं, तुझ्या मनातलं वाचत नाही. म्हणून कामावर जाण्याआधी हे चार शब्द कानात ठेव.

माझे वडील इथल्या एका भातगिरणीत दिवाणजी होते. संध्याकाळी कपड्यांवर कोंडा घेऊन घरी यायचे, हातपाय धुवायचे आणि आम्हां भावंडांना पाटी घेऊन समोर बसवायचे. गणित सांगितलं की लगेच पेन्सिल टेकवू द्यायचे नाहीत. "आधी सांग, किती येईल?" शंभराच्या आत की बाहेर, एवढं सांगितलं तरी त्यांना पुरायचं. मग पेन्सिल. "आधी अंदाज, मग आकडा" हे त्यांचं वाक्य. पाटी गेली, पाढ्यांचं पुस्तक गेलं, पण ते वाक्य मी अजून रोज वापरते. पुढे जे सांगते आहे ते सगळं त्यातूनच आलेलं आहे.

बोललेलं नीट उतरव

आपण आकडे बोलतो एक आणि यंत्राला हवे असतात वेगळे. पावणेदोन म्हणजे १.७५, पण घाईत बोटं २.७५ टाकतात, कारण कानावर 'दोन' पडलेलं असतं. पावणेदोनशे म्हणजे १७५. सव्वादोनशे म्हणजे २२५. पाऊणशे म्हणजे ७५. दीड हजार, अडीच लाख, साडेसात टक्के, हे सगळं गिऱ्हाईक तुला तोंडी सांगणार. आम्ही लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ केली, त्यामुळे 'पावणे' ऐकलं की आधी पाव वजा होतो. तुझी ती पाठ नाही, म्हणून तू तोंडी आकडा ऐकलास की तो आधी कागदावर अंकांत लिही, समोरच्याला वाचून दाखव आणि मगच यंत्रात टाक.

आणखी एक. आपण १,२५,००० असं स्वल्पविराम देऊन लिहितो. काही यंत्रं तो चालवून घेतात, काहींना तो दोन वेगळ्या संख्यांमधला पडदा वाटतो. टाकताना १२५००० असंच सलग टाक. मी इथे मराठी आकड्यांत लिहिते आहे. यंत्रात मात्र इंग्रजी आकडेच टाक, मराठी आकडे सगळीकडे ओळखले जातीलच असं नाही.

टिंब कशाचं आहे ते विचार

हा कानमंत्र मी किंमत मोजून शिकले, म्हणून तो सविस्तर सांगते.

तुझ्या आजोबांच्या घरची जमीन २ एकर १० गुंठे. तिघा भावांत वाटणी करायची ठरली. सगळी मंडळी ओटीवर बसली होती आणि हिशेबाला मी, गणिताची बाई. मी मोबाइल काढला आणि टाकलं २.१०/३. उत्तर आलं ०.७. शून्य पूर्णांक सात एकर म्हणजे २८ गुंठे. मी तसं मोठ्याने सांगितलं आणि कागदावर लिहिलंही.

कोपऱ्यात आजोबांच्या आत्याबाई बसल्या होत्या. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "असं कसं गं? एकराचे चाळीस. दोन एकरांचे ऐंशी, वरचे दहा, नव्वद झाले. नव्वदाचे तीन वाटे तीस-तीस. तू दोन-दोन गुंठे कुठे घालवलेस?"

मी पुन्हा पाहिलं. २ एकर १० गुंठे म्हणजे २.१० एकर नव्हे. गुंठे चाळिसाचे असतात, म्हणून ते २ + १०/४० म्हणजे २.२५ एकर. यंत्राने २.१ ला तीनने अगदी बरोबर भागलं होतं; चूक माझ्या टिंबाची होती. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. माझ्या त्या टिंबाने प्रत्येक भावाची २१७८ चौरस फूट जमीन कागदावरून पुसली होती. नवी मुंबईच्या विमानतळाची बोलणी सुरू झाल्यापासून आपल्या भागात जमिनीला काय मोल आलं आहे, ते तुला माहीत आहे. आत्याबाई बोलल्या नसत्या तर तो कागद तसाच पुढे गेला असता.

वडिलांची एक गोष्ट मला तेव्हा आठवली. त्यांच्या वेळी भात मण-शेरांत मोजत. मणाचे शेर चाळीस. ३ मण ५ शेर कुणी 'साडेतीन मण' धरून भाव लावला की ते वही परत करायचे, कारण ५ शेर म्हणजे मणाचा आठवा भाग, अर्धा नव्हे. म्हणजे ही चूक कॅल्क्युलेटरच्याही आधीची आहे. पाच फूट सहा इंच म्हणजे ५.६ फूट नव्हे, ५.५ फूट. दोन तास तीस मिनिटं म्हणजे २.३० तास नव्हे, २.५ तास. सातबाऱ्यावर ०.९१.०५ असं दोन टिंबांचं क्षेत्र दिसेल. ते शून्य हेक्टर, एक्क्याण्णव आर, पाच चौरस मीटर. हेक्टरचे आर शंभर आणि आरचे चौरस मीटर शंभर, म्हणून तिथे दुसरं टिंब काढून ०.९१०५ हेक्टर लिहिलं की चालतं. एकर-गुंठ्याला ते चालत नाही. टिंब दिसलं की आधी विचार: याच्यामागे दहा-शंभराचा हिशेब आहे, बाराचा, साठाचा की चाळिसाचा?

कंचेभागुबेव, पण समजून

शाळेत तू घोकलंस: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. यंत्रंही जवळपास हाच क्रम पाळतात. पण दोन जागी सांभाळ.

पहिली जागा 'चे'. '१२ ÷ ६ चे अर्धे' यात आधी सहाचं अर्धं, म्हणजे ३, आणि उत्तर ४. यंत्राच्या पाटीवर 'चे' नावाचं बटणच नाही. तू १२/६*१/२ टाकलंस तर ते डावीकडून उजवीकडे जाईल आणि १ सांगेल. म्हणून 'चे' आला की कंस घाल: १२/(६*१/२).

दुसरी जागा शेवटची दोन अक्षरं. 'बे' आधी आणि 'व' नंतर, म्हणून कितीतरी मुलं १०−३+२ मध्ये आधी ३ आणि २ ची बेरीज करून ५ लिहायची. बरोबर उत्तर ९. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर उभ्या आहेत. जी डावीकडे आधी येईल ती आधी करायची. इथे यंत्र बरोबर असतं आणि अर्धवट घोकलेलं सूत्र आपल्याला फसवतं. असं झालं तर यंत्रावर शंका घेण्याआधी सूत्र पुन्हा समजून घे.

कंसाला पैसे पडत नाहीत

वहीत आपण भागाकाराची लांब आडवी रेघ मारतो. वर १२०+८०, खाली ५×४. डोळ्यांना दिसतं की दोनशेला विसाने भागायचं, उत्तर १०. ती रेघच मुळी कंसाचं काम करत असते. जुन्या पुस्तकांत रेखाकंस असायचा तो याच जातीचा. एका ओळीत उतरवताना ती रेघ नाहीशी होते. १२०+८०/५*४ टाकलंस तर १८४ येईल. वरचा मजला एका कंसात, खालचा दुसऱ्या कंसात: (१२०+८०)/(५*४).

डेस्मॉससारख्या कॅल्क्युलेटरवर भागाकाराची तिरकी रेघ दाबली की खरोखरीचा अपूर्णांक उभा राहतो. छान दिसतो, पण तुझं लुकलुकणारं चिन्ह खालच्या मजल्यावरच थांबलेलं असतं. घाईने १/२+३ टाकलंस तर ते १ छेद (२+३) होतं आणि साडेतीनाऐवजी ०.२ मिळतात. उजवीकडचा बाण दाबून खालून बाहेर ये, मग पुढचं टाक.

घातांकालाही कंस हवा. तुला ठेवींचे हिशेब करावे लागतील, म्हणून तेच घेऊ. एक लाख रुपये, सात टक्के, दर तिमाहीला चक्रवाढ, पाच वर्षं. बरोबर पदावली अशी: १०००००*(१+७/१००/४)^(४*५). उत्तर सुमारे १,४१,४७८ रुपये. आता शेवटचा कंस गाळून ^४*५ टाक. यंत्र आधी चारचा घात करतं आणि मग सगळ्याला पाचाने गुणतं. उत्तर येतं ५,३५,९३० च्या आसपास.

इथेच वडिलांचं वाक्य कामाला येतं. लाखाला सात टक्क्यांनी वर्षाचे सात हजार, पाच वर्षांचे पस्तीस. म्हणजे सरळव्याजाने एक लाख पस्तीस हजार. चक्रवाढीने थोडे जास्त. हा अंदाज मनात असेल तर पाच लाख छत्तीस हजार दिसताच हात थांबतो. अंदाज नसेल तर तोच आकडा सुबक छापून गिऱ्हाइकाच्या हातात जातो.

महिरपी आणि चौकटी कंस वहीतच ठेव. यंत्रात त्यांचे अर्थ वेगळे असू शकतात. एकात एक कितीही कंस आले तरी साधाच कंस वापर आणि उघडलेले व मिटलेले मोजून बघ. गुणाकाराचं चिन्हही गाळू नकोस. ८÷२(२+२) हे कोडं २०१९ साली जगभर फिरलं. कुणी १६ म्हणालं, कुणी १. भांडण गणिताचं नव्हतंच, लिहिणाऱ्याने काय म्हणायचं ते स्पष्ट केलं नव्हतं एवढंच. तू ८/२*(२+२) तरी लिही किंवा ८/(२*(२+२)) तरी.

टक्क्याची खूण टाळ

आपल्या पनवेल-उरणकडे 'साडेबारा टक्के' हा शब्द लहान मुलालाही माहीत असतो. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० पासून आपल्या लोकांच्या जमिनी सिडकोसाठी गेल्या. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ साली मोठं आंदोलन झालं, त्यात माणसं जिवाला मुकली, आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. त्यातूनही सामाजिक सुविधांसाठी तीस टक्के वजा होतात. हा हिशेब घेऊन तुझ्याकडे कुणी ना कुणी येईलच.

तू यंत्रात १२.५−३०% असं टाकलंस, तर एक यंत्र म्हणेल ८.७५ आणि दुसरं म्हणेल १२.२. पहिल्याने '१२.५ मधून त्याचेच तीस टक्के' असं वाचलं. दुसऱ्याने ३०% म्हणजे ०.३ धरून तेवढेच वजा केले. दोघंही आपापल्या नियमाने बरोबर आहेत. आपल्याला पहिला अर्थ हवा आहे, पण तो नशिबावर सोडायचा नाही. टक्क्याची खूणच वापरू नकोस. एक हेक्टर, म्हणजे दहा हजार चौरस मीटर गेले असतील तर लिही: १००००*१२.५/१००*(१−३०/१००). उत्तर ८७५ चौरस मीटर. आणि अंदाज? साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा. दहा हजारांचा आठवा हिस्सा साडेबाराशे. त्यातले तीस टक्के गेले की नऊशेच्या आत. जुळलं.

ज्याची जमीन गेली आहे त्याच्यासाठी हा आकडा कागदावरचा नुसता अंक नसतो. तो सांगताना सावकाश सांग, पदावली दाखवून सांग.

नवं यंत्र आधी पारखून घे

आमच्या बाजारात नवा तराजू आला की दुकानदार आधी ओळखीचं वजन टाकून बघायचा. तू नव्या कॅल्क्युलेटरवर बसलीस की उत्तरं माहीत असलेली चार गणितं टाक.

साइन ३० टाक. ०.५ आलं तर यंत्र अंशांत मोजतं. −०.९८८ आलं तर ते रेडियनमध्ये मोजतं आहे. गुगलमध्ये नुसतं साइन ३० टाकलं तर असंच येतं, अंश असं स्पष्ट सांगावं लागतं.

लॉग १०० टाक. २ आलं तर पाया दहाचा. ४.६०५ आलं तर नैसर्गिक लॉग. वुल्फ्रॅम अल्फा असंच धरतं.

−३^२ टाक. गणिताच्या रिवाजाने आधी वर्ग, मग उणे, म्हणून −९. पण एक्सेलच्या चौकटीत हेच लिहिलंस तर ९ येतात, कारण तिथे उणे आधी चिकटतं. तुझ्या ऑफिसात सगळं एक्सेलवरच असणार, तेव्हा (−३)^२ की −(३^२) हे कंसाने सांग.

०.१+०.२ टाक. काही ठिकाणी ०.३०००००००००००००००४ असं शेपूट दिसेल. घाबरू नकोस. यंत्र आतून दोनाच्या भाषेत मोजतं आणि त्या भाषेत एक दशांश पुरता लिहिता येत नाही, जसा आपल्याला एक तृतीयांश दशांशात पुरता लिहिता येत नाही. रुपयांचा हिशेब असेल तर शेवटी दोन दशांश स्थळांपर्यंत घे.

फार मोठ्या संख्यांतही हेच होतं. वडील आम्हाला बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सांगायचे: पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे चौसष्ट घरांपर्यंत दुप्पट. भातगिरणीतला माणूस, ती गोष्ट त्यांच्या तोंडी फार शोभायची. एकूण दाणे २^६४−१, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१५. ब्राउझरमधली पुष्कळ यंत्रं शेवटी ५२००० दाखवतात, कारण पंधरा-सोळा अंकांपुढचं त्यांना नेमकं धरता येत नाही. दाणे मोजताना ते चालेल. पण सोळा अंकी खाते क्रमांक एक्सेलमध्ये संख्या म्हणून टाकलास तर शेवटचा अंक शून्य होतो. तो मजकूर म्हणूनच टाकायचा. आणि गिऱ्हाइकाचं नाव, खातं, पॅन क्रमांक कुठल्याही परक्या संकेतस्थळाच्या कॅल्क्युलेटरवर कधीही टाकू नकोस. तिथे फक्त आकडेमोड.

मधे तोडू नकोस

पुन्हा त्याच जमिनीकडे ये. नव्वद गुंठे म्हणजे ९८,०१० चौरस फूट. एक तृतीयांश म्हणून कुणी ०.३३ ने गुणलं तर वाट्याला ३२,३४३.३ येतात. सरळ तीनने भागलं तर ३२,६७०. तिघांचा मिळून फरक ९८० चौरस फूट, जवळजवळ एक गुंठा. म्हणून आकडा मधे तोडायचा नाही. पूर्ण पदावली एकदाच टाकायची आणि काटछाट अगदी शेवटी, एकदाच.

उत्तर आल्यावर

उत्तर आलं की एकदा उलटं चाल. गुणलं असेल तर भाग, मिळवलं असेल तर वजा कर. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत उत्तरावरून मागे येण्याची ही रीत शिकवली आहे आणि तिच्याहून चांगली रीत मला अजून मिळालेली नाही.

दुसरी रीत नवाची. ३४७×८६ चं उत्तर २९८४२ आलं. ३+४+७ म्हणजे १४, त्याचे ५. ८+६ चेही ५. पाचापाचा पंचवीस, त्याचे ७. उत्तराच्या अंकांची बेरीज २५, त्याचेही ७. जुळलं. पण ३४७ ऐवजी ३७४ टाकलं गेलं तर ही परीक्षा गप्प बसते, कारण अंक तेच, फक्त जागा बदलल्या. वडिलांनी त्यावर उपाय दिला होता: दोन बेरजा जुळत नसतील तर फरक काढ. फरकाला नवाने पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव मोठा. ५७४ चे ५४७ झाले की फरक २७. रात्री अकराला वही जुळत नसताना त्यांनी याच वाटेने कितीतरी चुका शोधल्या. तुझ्या मार्चअखेरीला ही रीत तुलाही उपयोगी पडेल.

आणि शेवटचं. फाइलीत नुसतं उत्तर ठेवू नकोस, पदावलीही लिहून ठेव. सहा महिन्यांनी कुणी विचारलं, "हे ८७५ कुठून आले?" तर ओळ दाखवता आली पाहिजे. ज्या हिशेबाची वाट दाखवता येत नाही, त्यावर माणूस विश्वास ठेवत नाही आणि त्याने ठेवूही नये.

माझा वाटणीचा तो चुकलेला कागद मी फाडला नाही. २८ वर काट मारून शेजारी आत्याबाईंच्या सांगण्यावरून ३० लिहिले होते, तसाच कपाटात आहे. रविवारी ये, तुला दाखवते. तो तुझ्याजवळ ठेव आणि ऑफिसात पहिली पदावली टाकण्याआधी एकदा डोळे मिटून स्वतःलाच विचार: किती येईल?

तुझी,
आजी